गव्हाणीपाशी खाणकामगार का उभा आहे?

वसईच्या एका बाईंना जर्मनीतल्या भाच्यानं नाताळसाठी लाकडी देखावा पाठवला. मरिया, योसेफ, बाळ येशू, मेंढरं हे सगळं ओळखीचं. पण सोबत काळ्या अंगरख्यातला, हिरव्या टोपीचा, दोन्ही हातांत मेणबत्त्या धरलेला एक माणूस आणि त्याच्या जोडीला एक देवदूतही निघाला. त्यांनी विचारलं आहे : हा माणूस कोण, हे खरंच हातानं केलेलं आहे का, आणि आपल्या दमट हवेत ते टिकेल का?

तो माणूस खाणकामगार. आणि देखावा आला आहे एर्त्सगेबिर्गेमधून, म्हणजे सॅक्सनी राज्याच्या दक्षिणेकडच्या, चेक सीमेला लागून असलेल्या डोंगरपट्ट्यातून. मी जवळच केम्निट्सला राहतो, तिथल्या एका कोरीवकाम मंडळात संध्याकाळी जाऊन बसतो आणि लोकांच्या माळ्यांवरून निघालेल्या जुन्या मूर्तींची डागडुजी करून देतो. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आपण त्या खाणकामगाराला पाहुणा समजतो. बाळाला बघायला मेंढपाळ आले, तीन राजे आले, तसा हाही आला असणार असं वाटतं. एर्त्सगेबिर्गेमध्ये मात्र तो यजमान आहे. नाताळचा देखावा आधी त्याचा होता, त्याच्या डोंगराचा आणि त्याच्या यंत्रांचा. गव्हाण, म्हणजे येशूजन्माचा देखावा, त्यात बरीच उशिरा येऊन बसली.

फ्रायबेर्गला 1168 मध्ये चांदी सापडली. पुढे 1470 च्या सुमारास श्नेबेर्गला मोठं घबाड लागलं आणि मग आनाबेर्ग, मारिएनबेर्ग, सीमेपलीकडचं योआखिम्सथाल अशी गावंच्या गावं काही वर्षांत उभी राहिली. चांदी, कथील, कोबाल्ट आणि विसाव्या शतकात सोव्हिएत ताब्याखाली युरेनियम, असं जवळजवळ आठशे वर्षं तिथल्या माणसांनी डोंगर पोखरला. 2019 मध्ये युनेस्कोनं सीमेच्या दोन्ही बाजूंचा हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला. पण लाकडाच्या दृष्टीनं महत्त्वाचं वेगळंच आहे. त्या काळची खाण म्हणजे निम्मं लाकूडकाम. आधाराचे खांब, शिड्या, पाणी उपसायचे पंप, पाणचक्क्या, घोड्यांनी फिरवायचे रहाट, धातुक कुटायच्या गिरण्या, सगळं लाकडाचं. योआखिम्सथालला वैद्य असलेल्या अ‍ॅग्रिकोलाचा खाणकामावरचा ग्रंथ 1556 मध्ये छापून निघाला; त्यातली चित्रं पाहिली की हे लोक दातेरी चाकं आणि कण्यांमध्ये किती मुरलेले होते ते कळतं. अशा माणसाच्या हातात हिवाळ्याच्या रात्री सुरी आणि लिंडन झाडाच्या मऊ लाकडाचा ओंडका आला, तर तो नुसता पुतळा करून थांबेल कसा? तो पुतळा हलवून दाखवणार.

आणि तसंच झालं. अठराव्या शतकात, अपघातानं किंवा आजारानं खाणीत उतरायला निकामी झालेले काही कामगार पाठीवर लाकडी पेटी बांधून जत्रांमधून फिरायचे. पेटी उघडली की आत डोंगराचा उभा छेद : वर घोड्यांचा रहाट, खाली बोगदे, त्यांत घण मारणारी बोटाएवढी माणसं. दांडा फिरवला की सगळी खाण कामाला लागायची आणि मालक पद्यातून तिचं वर्णन करत पैसे गोळा करायचा. नाताळचा यात काही संबंध नव्हता. हे पोटासाठी होतं.

या पेट्यांचाच मोठा भाऊ म्हणजे नाताळचा डोंगर. एर्त्सगेबिर्गेमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. पर्यटक मेणबत्त्यांच्या गरम हवेवर फिरणाऱ्या लाकडी पिरॅमिडचे फोटो काढत राहतात आणि हा डोंगर संग्रहालयाच्या मागच्या खोलीत राहून जातो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. खोलीचा एक कोपरा भरेल एवढी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी असते. साल, शेवाळ, कागदाचा लगदा आणि खाणीतून आणलेले चकाकते दगड वापरून डोंगर उभा करतात. वरच्या टप्प्यांवर पूर्वेकडलं शहर, पामची झाडं, मेंढपाळ, राजांची वरात. मधे कुठेतरी गव्हाण. आणि खाली, डोंगराच्या पोटात, चालू खाण. वरच्या राजांची वरात एका पट्ट्यावरून फिरत राहते, खालचा कामगार ठोके देत राहतो, आणि बहुतेक वेळा दोघांना फिरवणारा कणा एकच असतो. पूर्वी हे वजनं टांगून, घड्याळाच्या यंत्रणेवर किंवा पाण्याच्या धारेवर चालायचं. नंतर विजेची मोटर आली. पुण्यात गणपतीचे हलते देखावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातली मजा समजावून सांगायला नको. फरक एवढाच की हा डोंगर मंडळाचा नसून एका घराचा असतो, दर हिवाळ्यात त्यात एखादी आकृती वाढते आणि बापानं सुरू केलेला डोंगर मुलगा पुढे नेतो.

अशा डोंगरात बेथलेहेम आणि स्वतःची खाण शेजारी ठेवताना कोणाला अवघडल्यासारखं होत नाही, कारण ती सवय फार जुनी. आनाबेर्गच्या सेंट अ‍ॅन चर्चमध्ये हान्स हेसे यानं 1521 च्या सुमारास रंगवलेली वेदी आहे. तिच्या मागच्या बाजूला संतांऐवजी खाणीचं सगळं काम दिसतं : खणणं, वाहणं, धुणं, वितळवणं, नाणी पाडणं. तिथं गेलात तर वेदीला वळसा घालून मागे नक्की जा.

आता गव्हाण उशिरा का आली ते. सॅक्सनीचा हा भाग सोळाव्या शतकात ल्यूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, झाला. ड्यूक जॉर्जच्या मृत्यूनंतर, 1539 मध्ये, त्याच्या भावानं उरलेल्या भागातही धर्मसुधारणा आणली. गव्हाणीचे देखावे चर्चमध्ये मांडायची चाल पुढच्या काळात कॅथलिक प्रदेशांत, विशेषतः जेझुइट या कॅथलिक धर्मसंघामुळे, पसरली. त्यामुळे सीमेपलीकडच्या बोहेमियात आणि दक्षिणेला बव्हेरिया-टिरोलमध्ये गव्हाण हाच नाताळचा केंद्रबिंदू झाला, इकडे नाही. इकडच्या चर्चमध्ये वेदीवर बाळ येशूची एकटी मूर्ती ठेवायचे, तीही गवतात निजलेली नव्हे, तर उभी, आशीर्वादाला हात उचललेली. घरात दिवे आणि डोंगर. पुढे बोहेमियात सम्राट जोसेफ दुसरा यानं 1780 च्या दशकात चर्चमधल्या गव्हाणींवर बंदी घातली, तेव्हा तिकडच्या लोकांनी त्या घरी मांडायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात ल्यूथरपंथी घरांतही गव्हाण रुळली. पण तोवर खाणकामगाराची जागा पक्की झाली होती.

तुमच्याकडची जोडी त्या दिव्यांच्या परंपरेतली. खाणकामगार मुलासाठी आणि देवदूत मुलीसाठी, घरात जितकी मुलं तितक्या आकृत्या खिडकीत. रस्त्यानं जाणाऱ्याला बाहेरूनच कळायचं की या घरात तीन मुलगे आणि दोन मुली. डिसेंबरात तिथं दुपारी चारच्या पुढे अंधार पडतो. खाणीत उतरणारा माणूस पहाटेच्या अंधारात आत जायचा आणि संध्याकाळच्या अंधारात वर यायचा, आठवडाभर त्याला ऊन दिसायचं नाही. दिव्यांचं हे वेड कुठून आलं असेल याला मला दुसरं स्पष्टीकरण लागत नाही. नाताळच्या आधीची शेवटची पाळी लवकर सुटायची. मुकादम ठोके देऊन काम थांबल्याची खूण करायचा, मग प्रार्थना आणि सगळ्यांनी मिळून जेवण. खाणी बंद पडल्या तरी पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या बोगद्यांत ही पाळी अजून पाळली जाते.

त्या माणसाचे कपडेही नीट पाहा. पांढरी विजार, काळा अंगरखा, तुरा लावलेली हिरवी टोपी, कमरेला मागच्या बाजूनं बांधलेलं कातडं. हा कामाचा वेश नाही, मिरवणुकीचा आहे. 1719 मध्ये सॅक्सनीच्या युवराजाच्या लग्नानिमित्त खाणकामगारांचं भलंमोठं संचलन झालं होतं आणि पुढे असे गणवेश अधिकृतपणे ठरवून दिले गेले. मागचं कातडं मात्र अस्सल कामाचं : ओल्या दगडावर बसायला आणि घसरत खाली उतरायला. बाकी वेश कितीही राजेशाही केला तरी ते कातडं कोणीही काढलं नाही, ही बाब मला फार बोलकी वाटते.

खिडकीतल्या दिव्यांची कमानही तुम्ही पाहिली असेल, श्विबबोगेन म्हणतात तिला. तारीख असलेली सर्वांत जुनी कमान योहानगेओर्गेनश्टाटची, 1740 ची आणि लोखंडी. आज जगभर विकला जातो तो नमुना मुख्यतः पाउला योर्डाननं 1937 मध्ये श्वार्त्सेनबेर्गच्या प्रदर्शनासाठी काढलेल्या आकृतीवरून आला. त्यात दोन खाणकामगार आहेत, एक कोरीवकाम करणारा आहे, एक लेस विणणारी बाई आहे. गव्हाण नाही. डोंगरातली माणसं ज्या तीन धंद्यांवर जगली ते तीन धंदे, वर दिवे. एर्त्सगेबिर्गेचा नाताळ एका चित्रात बघायचा तर तो असा.

हातकामाबद्दल बोलायचं तर आधी डोंगराचे दोन भाग वेगळे करायला हवेत, कारण विकणारे ते मिसळून टाकतात. पश्चिमेला, श्नेबेर्ग, आउए, आनाबेर्गच्या बाजूला, कोरीवकाम चालतं : लिंडनचं लाकूड, पटाश्या आणि गोल पटाश्या, एकेक आकृती वेगळी. हे बहुतेक संध्याकाळचं, हौसेचं काम. त्यासाठी गावोगाव मंडळं निघाली, पहिलं ल्योस्निट्सला 1879 मध्ये. पूर्वेला, झायफेनच्या आसपास, कातकाम चालतं, म्हणजे लेथवर फिरवून केलेलं, आणि तो धंदा आहे. झायफेनमध्ये कथील निघायचं. ते आटत गेलं तसे लोक लाकडाकडे वळले, आणि 1849 मध्ये खाण बंद झाली तेव्हा खेळणी हेच गावाचं पोट झालं होतं. धातुक कुटणाऱ्या पाणचक्क्यांच्या जोरावर लेथ फिरू लागले. योहान फ्रीडरिश हीमान नावाचा माणूस 1699 मध्ये हातगाडीवर माल घालून दूरच्या बाजारापर्यंत गेल्याचं सांगतात. त्या रस्त्याचे चढ-उतार पाहिलेल्या माणसाला त्याचं कौतुक अधिक वाटतं.

पोस्टकार्डांवर हा धंदा मेणबत्तीच्या उजेडात हसणाऱ्या आजोबांचा दिसतो. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातलं झायफेन म्हणजे घराघरांतली मजुरी होती. भाव व्यापारी ठरवायचा, बाप लेथवर, आई रंगावर, पोरं डिंकावर. ‘नोहाचं जहाज’ नावाचं शेकडो प्राण्यांचं खेळणं इंग्लंड-अमेरिकेला जायचं ते इतकं स्वस्त कसं, याचं उत्तर त्या पोरांच्या हातांत होतं.

पण याच स्वस्ताईच्या ताणातून एक विलक्षण युक्ती निघाली : कडं कातणं. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या खोडाची ताजी, पाण्यात भिजवलेली चकती लेथवर चढवतात आणि कातारी तिच्यात खाचा, उंचवटे, गोलाई काढत जातो. एका बाजूनं काम झालं की चकती उलटून दुसऱ्या बाजूनं. बघणाऱ्याला फक्त एक विचित्र नक्षीचं कडं दिसतं. मग तो सुरी लावून कडं आरपार चिरतो आणि कापाच्या तोंडावर उभी गाय दिसते. पाठ, पोट, पाय, मान, सगळं. केकसारख्या फोडी करत गेलं की एका कड्यातून पन्नासेक गायी सहज. स्प्रूसच का, तर ते तंतूंच्या रेषेत सरळ चिरतं आणि ओलं असताना पटाशीला त्रास देत नाही. कान, शिंगं, शेपटी नंतर चिकटवतात, कडा सुरीनं मारतात, मग रंग. तुमच्या देखाव्यातली लहान मेंढरं बहुधा अशीच जन्मलेली असतील. पोटाखालून पाहिलंत तर एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित जाड लागेल, कारण फोड पाचरीच्या आकाराची असते. आकार न बघता आतला प्राणी मनात धरून कातणारे हे कारागीर आता फार थोडे उरले आहेत. लाकडी खेळणी करणाऱ्यांचा तीन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम झायफेनमध्ये आहे, तिथं ही कला शिकवतात; पण शिकणं आणि त्यावर पोट भरणं यांत अंतर आहे.

मग हातानं केलेलं आहे का? कोरीव मूर्ती असेल तर खालचा तळ पाहा. आडव्या छेदाच्या वर्तुळाकार रेषा दिसल्या पाहिजेत, म्हणजे लाकडाचे तंतू मूर्तीत उभे धावतात. कपड्यांच्या चुण्यांत पटाशीचे लहान सपाट कापे दिसतात, हाताला लागतात. यंत्रावर नक्कल केलेल्या मूर्तीत खोलगट जागा सगळीकडे एकाच गोलाईच्या असतात, कारण तिथं फिरणारं पातं एकच होतं. पुष्कळ माल यंत्रानं कोरून हातानं साफ केलेला असतो. त्यात फसवणूक नाही, फक्त किंमत त्या हिशेबानं असावी. कातीव मूर्तीत मात्र लेथ म्हणजे यंत्र म्हणून नाक मुरडू नका. लेथ हाच तिथला हात आहे. तिथं पाहायचं ते जोडकाम आणि रंग : डोळ्यांचे ठिपके थोडे इकडेतिकडे, प्रत्येक चेहरा जरा निराळा. ग्रेटे वेंट आणि मार्गारेटे क्यून या दोघींनी 1915 मध्ये ग्र्यूनहाइनिखेनला काढलेल्या कारखान्याचे देवदूत हिरव्या पंखांवरच्या अकरा पांढऱ्या ठिपक्यांवरून ओळखतात, आणि ते ठिपके आजही ब्रशनंच पडतात. राळेत ओतलेली नक्कल उचलली की कळते : अंगावर कुठेतरी साच्याची शिवण आणि तळाला लाकडाची रेघ नाही.

पूर्व जर्मनीच्या काळाबद्दल एकच गोष्ट, कारण जुना माल घेताना ती उपयोगी पडते. 1972 मध्ये उरलेसुरले खाजगी कारखाने सरकारनं ताब्यात घेतले आणि चांगला माल परकीय चलनासाठी बाहेर गेला. म्हणून त्या वर्षांतल्या उत्तम वस्तू पश्चिम जर्मनीत आणि अमेरिकेत जास्त सापडतात, गावात कमी.

आता दमट हवा. तुमच्या देखाव्याला खरा धोका आहे तो बदलाचा. जर्मनीतल्या तापवलेल्या खोलीत हिवाळ्यात हवा कोरडी ठक्क असते. वसईला जुलैत ती पाण्यानं जड. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे फट पडते ती जोडावर किंवा उभी. सरसानं जोडलेले जुने हात-पाय ओलाव्यानं सुटतात. ते पुन्हा सरसानंच चिकटवा, झटपट चिकटणारा गोंद वापरला तर पुढच्या दुरुस्तीला लाकूड तोडावं लागतं. जुन्या मूर्तींवरचे रंग कित्येकदा सरसात कालवलेले असतात आणि ओल्या फडक्यानं सरळ पुसले जातात. म्हणून पाणी नको, तेल नको, फर्निचरचं पॉलिश तर मुळीच नको. मऊ कोरडा ब्रश पुरे. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, बुरशी धरते. पातळ कागदात गुंडाळून खोक्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहा. खोक्यात पिठासारखा बारीक भुगा दिसला तर तो कीटक. अशी मूर्ती पॉलिथिनमध्ये हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरचं दव थेट रंगावर बसेल.

भाच्याला पुढच्या वर्षी काय आणायला सांगायचं हेही तुम्ही विचारलं होतं. पिरॅमिड सांगा, तीन मजल्यांचा, आणि त्यात एका मजल्यावर गव्हाण व एका मजल्यावर खाणकामगार आहेत ना ते बघायला सांगा. मेणबत्त्यांची गरम हवा वर चढते, वरच्या पात्यांना ढकलते आणि मधला कणा फिरतो. कणा खाली टोकदार असतो आणि छोट्या काचेच्या वाटीत टेकतो. ती वाटी स्वच्छ असली की निम्मं काम झालं. फिरत नसेल तर आधी सगळी पाती सारख्या कोनात आहेत का आणि कणा ओळंब्यात उभा आहे का पाहा, तेल घालायला धावू नका. छताचा पंखा बंद ठेवावा लागेल, हे डिसेंबरात वसईला जमण्यासारखं आहे. वाढदिवसाच्या केकवरच्या बारीक मेणबत्त्यांची उष्णता पुरत नाही आणि जाड मेणबत्त्या लावल्या तर पाती काळवंडतात किंवा वाकतात. पिरॅमिडसाठीच्या मेणबत्त्या सहसा 14 किंवा 17 मिलिमीटर जाडीच्या मिळतात. भाच्याला खोबणी मोजून त्याच जाडीची दोन-तीन खोकी बरोबर आणायला सांगा.